‘अर्ध्या तासात स्वतःचा क्लाउड’ : हा मेसेज पुढे ढकलण्याआधी वाचा

माझ्या आतेभावाचा कराडला फोटो स्टुडिओ आहे. परवा त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, दुकानातल्या जुन्या पीसीवर करून टाकू का? लग्नाचे अल्बम गिऱ्हाइकांना लिंकनेच देता येतील.” मेसेज तुमच्याकडेही आला असेल. जुन्या कॉम्प्युटरवर नेक्स्टक्लाउड (गूगल ड्राइव्हसारखं, पण स्वतःच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर) टाका, गूगलला पैसे भरणं बंद करा, अर्ध्या तासात काम फत्ते. खाली सूचना. त्या वाचून माझं डोकं फिरलं, कारण या सूचनांच्या भरवशावर तो लोकांच्या घरचे फोटो इंटरनेटवर ठेवायला निघाला होता.

‘अर्ध्या तासात होतं.’ होतं, मान्य. उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मारियाडीबी (डेटाबेस) टाकायचं, ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिनचं नाव-पासवर्ड भरायचा, की लॉगिनचं पान समोर येतं. आपला डेटा आपल्या ताब्यात असावा हेही रास्तच आहे. पण ते पान दिसल्यावर खरं काम सुरू होतं, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये आहे तो सगळा उलटा सल्ला.

‘परमिशनची एरर आली तर सगळ्या फोल्डरना ७७७ द्या.’ कृपा करून देऊ नका. परमिशन म्हणजे फाइलला कोण हात लावू शकतो ते. यातला पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. सात म्हणजे वाचा, लिहा, चालवा, तिन्ही मुभा. म्हणजे त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम तुमच्या फाइली बदलू शकतो. शिवाय नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, तोही सगळ्यांना वाचायला मोकळा. एरर बहुतेक वेळा येते ती फाइलींची मालकी चुकल्यामुळे. उबंटूवर अपाची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालतो. मालकी त्याला द्या, फोल्डरला ७५०, फाइलला ६४० ठेवा, म्हणजे बाकीच्यांना काहीच मुभा नाही. एरर जाते.

‘घरगुती वापराला एचटीटीपीएस लागत नाही, सर्टिफिकेट महाग पडतं.’ एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येऊ नये याची सोय; तिला सर्टिफिकेट लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देतेय. सर्टबॉट हा प्रोग्राम ते बसवतो आणि मुदत संपायच्या आत नवं करतो. विषय संपला.

आता सर्वांत घातक वाक्य: ‘फाइली फोन-लॅपटॉपवर सिंक होतातच, त्यामुळे वेगळा बॅकअप नको.’ हे लिहिणाऱ्याने सिंक म्हणजे काय याचा क्षणभरही विचार केलेला नाही. सर्व्हरवर फाइल खराब झाली तर सिंक तीच खराब फाइल इमानेइतबारे तुमच्या लॅपटॉपवर आणून ठेवतो. हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये नेक्स्टक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) नेक्स्टक्लाउडच्या सर्व्हरांवर आलं. ते कॉन्फिग फाइल वाचून डेटाचा फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, फाइली एन्क्रिप्ट करायचं आणि ०.०२५ बिटकॉइन मागायचं. ब्लीपिंग कॉम्प्युटर या वेबसाइटने तेव्हा एका पीडिताची हकिगत छापली होती. त्याच्या लॅपटॉपवरच्या चांगल्या फाइलींच्या जागी सर्व्हरवरच्या एन्क्रिप्ट झालेल्या फाइली येऊ लागल्या. फाइलींची नावं बदलताना दिसताच त्याने सर्व्हरचं कनेक्शन तोडलं, तरी बऱ्याच फाइली एन्क्रिप्ट झाल्याच. हा माणूस निष्काळजी नव्हता, त्याने बॅकअपही ठेवलेला होता. आतेभावाच्या पीसीवर असं झालं तर तो नवऱ्या मुलीच्या बापाला काय सांगणार?

आणि नुसता डेटाचा फोल्डर कॉपी करूनही भागत नाही. कोणाला कुठली लिंक दिली, कॅलेंडर, संपर्क, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. आधी मेंटेनन्स मोड लावायचा, म्हणजे तेवढ्या वेळात कोणी काही बदलू शकत नाही, मग कॉन्फिग, डेटा, थीम हे फोल्डर आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) असं सगळं एकाच वेळचं घ्यायचं.

‘एकदा चाललं की अपडेटला हात लावू नका, बिघडतं.’ नाइलाजाने म्हणतो, यात अर्धं सत्य आहे. मोठ्या अपडेटनंतर एखादं अ‍ॅप बंद पडतं. पण नेक्स्टक्लाउडमध्ये मोठी आवृत्ती गाळून पुढे उडी मारता येत नाही. दोन वर्षं थांबलात तर एकेक पायरी चढावीच लागते, आणि तेव्हा जास्त बिघडतं. नेक्स्टक्रायच्या वेळी संशय होता तो एनजिनएक्स या वेब सर्व्हरबरोबर चालणाऱ्या पीएचपी-एफपीएममधल्या (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) भोकावर. त्याची दुरुस्ती २४ ऑक्टोबरलाच आली होती, नेक्स्टक्लाउडने इशाराही दिला होता. ‘हात लावू नका’ हा सल्ला पाळणाऱ्याचं दार उघडंच राहिलं असतं.

बाहेरून सर्व्हरपर्यंत पोचण्यासाठी राउटरवर पोर्ट (वाट) उघडण्याची मेसेजमधली सूचना तर अनेक ब्रॉडबँडवर चालतच नाही, कारण एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कित्येक घरांत वाटलेला असतो. आतेभावाला मी सांगितलंय: सर्व्हर दुकानाच्या वायफायपुरता ठेव, बाहेरून तुला स्वतःला लागला तर वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी, सुरक्षित जोड) जोड. गिऱ्हाइकांचे अल्बम सध्या देतोस तसेच पेनड्राइव्हवर दे. दर रविवारी बाहेरची डिस्क लावून बॅकअप घे, डिस्क काढ आणि घरी ने. पहिला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतो का ते बघ. उघडला की मला फोन कर, मग लिंकचं बोलू.