नुसती लेस तं लावाची आहे!

पोळा पंधरा दिवसांवर आला की आमच्याकडे पिशव्या यायला लागतात. पिशवीत फ्रॉकचं कापड, कापडाच्या घडीत मापासाठी मागच्या वर्षीचा आखूड झालेला फ्रॉक आणि सगळ्यात खाली रबर लावलेली लेसची गुंडाळी. देणारी दारातूनच सांगते, "काकू, फ्रॉक तं तुमाले दोन घंट्याचं काम. वरून नुसती लेस तं लावाची आहे."

फ्रॉक खरंच दोन घंट्याचं काम आहे. कापड समजूतदार असतं. उभा-आडवा धागा ओळखला, माया सोडली, की सांगाल तसं वागतं. माया म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडायची जागा. एरवी अर्धा इंच, लहान पोरीच्या कपड्यात एक इंच, कारण पोरगी वाढते आणि फ्रॉक दोन पोळे चालला पाहिजे. लेसला मात्र माया नसते. ती कारखान्यातूनच दोन्ही कडा बांधून येते. घ्यायला जागा नाही, सोडायला जागा नाही, आणि तोरा असा की जणू फ्रॉकच तिच्यासाठी शिवलाय.

पहिलं काम भिजवण्याचं. आम्ही पऱ्हाटीच्या मुलखातली माणसं. दारापुढच्या वावरात कापूस, हिंगणघाट-पुलगावला एकेकाळी कापडाच्या गिरण्या, आणि बाजारात लेस घ्यायला जावं तर ती सुरतेकडची, पॉलिस्टरची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज. पॉलिस्टर आटत नाही. कोरं कापड तसंच शिवलं की पहिल्या धुण्यानंतर घेराची कड उन्हातल्या पापडासारखी वाकडीतिकडी होते. उलटं केलं, म्हणजे टेरिकॉटच्या, पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर विणलेली सुती लेस लावली, तर लेस आटते आणि घेर तोंड बांधलेल्या बटव्यासारखा आवळतो. म्हणून कापड आणि लेस, दोघांनाही रात्रभर पाण्यात ठेवायचं. वेगवेगळ्या बादल्यांत. लाल गोट, म्हणजे काठाला लावायची पट्टी, पांढऱ्या लेसशेजारी भिजवला की सकाळी दोघंही गुलाबी निघतात. लाल कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावा. चिंधी रंगली तर पाणी नितळ येईपर्यंत ते कापड एकट्यानं धुवायचं. मिठाच्या पाण्यानं रंग बसतो असं सगळ्या म्हणतात. रंगानं ते अजून ऐकलेलं नाही.

एवढं करून कापड दोरीवर वाळत घातलं की देणारी नेमकी तेव्हाच रस्त्यानं जाते. "काऊन व काकू, नवं कोरं कापड धुऊन काहाडलं?"

दुसरं काम मोजण्याचं. लेस आणणारी नेहमी दोन मीटर आणते. का दोन, याला कारण नाही. तोंडात बसलेला आकडा आहे. फ्रॉक मात्र तिला गोल घेराचा पाहिजे, फिरली की छत्रीसारखा उघडणारा. आता हिशोब बघा. कमरेच्या मापाला 6.28 नं भागायचं, की आतल्या गोलाची त्रिज्या मिळते. कंबर 22 इंच असेल तर साडेतीन इंच. त्यात घेराची लांबी 16 मिळवली, साडेएकोणीस झाले. त्याला परत 6.28 नं गुणलं की खालची कड निघते, 122 इंचांहून जरा जास्त. तीन मीटर अकरा सेंटीमीटर. जोडाला दोन इंच धरले तर एका ओळीला सव्वातीन मीटर घ्यावी. दोन इंच वर दुसरी ओळ पाहिजे असेल तर तिला आणखी पावणेतीन-तीन. मग फुगा बाह्यांचे काठ, मग गळा. सात मीटर कुठे गेली, कळत नाही. ही लेस नऊ मीटरच्या बंडलातही येते, आणि गोल घेराच्या बाईनं सरळ बंडलच घ्यावं. हे सांगितलं की समोरची माझ्याकडे असं बघते, जणू उरलेली दोन मीटर मी माझ्या ब्लाउजला लावणार आहे.

तर आणखी आणवली तरी ती लेस कमी पडते. किती? चार बोटं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिवणकामात लेस कधी हातभर कमी पडली नाही. तेवढी कमी असली तर माणूस आधीच सावध होतो. ती चारच बोटं कमी पडते, घेर पूर्ण लागल्यावर, मागच्या शिलाईजवळ. मग बाजाराच्या दिवशी तुकडा घेऊन दुकानात जावं तर, "संपली बाई ते. आता दुसरा माल येईन." दुसरा माल येतो तो अर्ध्या छटेनं पिवळा असतो. म्हणून लेस लावायला सुरुवात कधीही पुढून करू नये. डाव्या कुशीच्या शिलाईपासून किंवा पाठीमागून करावी. कमी पडली तर तिथे छोटासा बो बसवता येतो, आणि लोक म्हणतात, काय हौस आहे काकूला.

गोल घेर कापल्या कापल्या त्याला लेस लावायची नाही, हे तर कुणालाच पटत नाही. गोलात चार ठिकाणी कापड उरेब येतं, म्हणजे धाग्याला तिरपं, आणि उरेब कापड स्वतःच्या वजनानं लोंबतं. कमरेला धरून एक रात्र खुंटीला टांगायचं. सकाळी ती चार ठिकाणं अर्धा-पाऊण इंच खाली आलेली दिसतात. तेवढं कापून कड सारखी केली की मगच लेस. रात्र वाचवली तर पोरीचा फ्रॉक दोन दिवसांत चार टोकांनी खाली येतो आणि शिवणारीच्या नावानं गावभर सांगितलं जातं की माप चुकलं.

आता रिबन. सॅटिनची, एक इंची, झुळझुळीत. बाईला ती गोल घेराच्या काठावर सपाट लावून पाहिजे असते. इथे मी हात जोडते. रिबनच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या असतात; गोलाच्या नसतात. खालची कड काठावर बसवली, तर एक इंच वर गोल लहान झालेला असतो, बरोबर सव्वासहा इंचांनी. घेर बाहुलीचा असो की नवरीच्या घागऱ्याचा, एक इंची रिबनला सव्वासहा इंच फालतू येणार म्हणजे येणारच. हे सव्वासहा इंच कुठेतरी जातात. तुम्ही जागा दिली नाही तर ते स्वतः जागा शोधतात, आणि पोरीच्या समोरच्या बाजूला एकच मोठी चुणी पडते. उपाय तीन आहेत. रिबनच्या वरच्या कडेतून बारीक धावदोरा घालून तो ओढायचा, झोळ सगळीकडे सारखा वाटायचा आणि ओल्या फडक्याखालून इस्त्री करायची. नाहीतर पाव इंची रिबन घ्यायची. तिला सगळ्या घेरात मिळून फक्त दीड इंच जास्त होतो, तो बोटानं दाबून जिरतो. नाहीतर रिबन परत देऊन कापडाचीच उरेब पट्टी लावायची, जी वळते कारण ती तिरपी कापलेली असते. तिसरा सगळ्यात चांगला आणि म्हणून कुणालाच नको असतो, कारण त्यात चमक नाही.

सरळ कापडावर रिबन लावणं सोपं, असं वाटणाऱ्यांनी एकदा दोन्ही कडांना टीप मारून बघावी. एका कडेनं वरून खाली टीप मारली, मग कापड फिरवलं आणि दुसऱ्या कडेनं खालून वर आलो, की रिबनवर तिरप्या लाटा उठतात. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचा दाब रिबनला थोडं पुढे ढकलतो. एका कडेला ती सासरकडे ढकलली जाते, दुसऱ्या कडेला माहेरकडे, आणि मधली जागा पिळवटते. दोन्ही टिपा एकाच दिशेनं मारायच्या. दरवेळी दोरा तोडून परत वरून सुरुवात. कंटाळा येतो, पण लाटा येत नाहीत.

सॅटिनला दुसरी संधी नसते, हेही सांगून ठेवते. सुई घुसली की भोक राहतं. टाचणी लावायची तर कडेच्या बाजूला, जिथे टीप येणार आहे तिथे. सुई 11 नंबरची आणि नवी. जाड कापडाला वापरून बोथट झालेली 16 नंबरची सुई सॅटिनमधून धागा ओढते आणि रिबनभर एक रेघ उठते. रिबनचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन वितळवायचं, म्हणजे सुटत नाही. जवळ, ज्योतीत नव्हे. ज्योतीत नेलं की टोक काळं होतं आणि घरात जळक्या प्लास्टिकचा वास पसरतो.

जाळीच्या लेसचं दुखणं निराळं. ती इतकी पातळ की सुईखालच्या पत्र्याच्या छिद्रातून मशीनच्या पोटात जाते आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. तिच्याखाली कागदाची पट्टी ठेवून टीप मारायची, मग कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्या जाळीला लागते. आम्ही पोरांच्या जुन्या वह्यांची मागची पानं वापरतो. कधी कधी लिहिलेलं पान येतं. एखाद्या फ्रॉकच्या बाहीला उजेडात धरलं तर जाळीत अडकलेला 'साती पाचे पस्तीस' वाचता येईल, पण आजवर कुणी धरलेलं नाही.

टिकल्यांच्या लेसला मी पैसे जास्त घेते. सुई टिकलीवर पडली की एक तर टिकली फुटते, नाही तर सुई तुटते, आणि तुटलेलं टोक बत्तीस दातांच्या कंगव्यानंही सापडत नाही. टिपेच्या रेषेवरच्या टिकल्या पकडीनं फोडून काढायच्या आणि पेडल न मारता हातानं चाक फिरवत एकेक टाका घालायचा. तीन मीटर. हातानं. आणि मध्येच लाइन जाते. पायमशीनला लाइन लागत नाही, पण माझ्या डोळ्यांना लागते.

झालर लावायची तर लेस घेराच्या दुप्पट लागते. पातळ जाळी असेल तर अडीचपट. टाका सगळ्यात मोठा ठेवून पाव इंचाच्या अंतरानं दोन ओळी मारायच्या आणि बॉबिनचे, म्हणजे खालचे दोरे ओढायचे. एकच ओळ मारणारीच्या चुण्या तिरक्या पडतात. ओढण्याआधी घेराचे आणि झालरीचे आठ-आठ सारखे भाग करून खडूनं खुणा करायच्या, नाहीतर अर्ध्या घेरात सगळी झालर संपते आणि उरलेल्या अर्ध्यात ती शोधावी लागते. दोरा मध्येच तुटला तर पहिल्यापासून. तो मध्येच तुटतो.

गळ्याला जरीची लेस लावून आणलेल्या पोरी पोळ्याच्या दिवशी लगेच ओळखू येतात. त्या मान एका बाजूला धरून चालतात, कारण जर टोचते. आईला चमक गळ्यालगत पाहिजे असते, मानेला नको असते. कडेपासून अर्धा इंच खाली लावावी आणि आतून मऊ सुती पट्टी जोडावी. इस्त्री करायची ती उलट्या बाजूनं, वर फडकं टाकून. प्लास्टिकची जर तापली की आक्रसते, आणि पांढरी इस्त्री सोनेरी होते.

मशीनला तेल घातल्यावर पहिली टीप जुन्या चिंधीवर मारावी, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय. तरी दर श्रावणात एखाद्या पांढऱ्या लेसवर काळा ठिपका येतो. लगेच टाल्कम पावडर चोळून रात्रभर ठेवली तर बराच जातो. त्या ठिपक्यावरही बो बसतोच म्हणा.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारं गिऱ्हाईक एकच, बैल. झुलीचं काम आलं की मी आधी ते घेते. झूल चौकोनी. बैलानं आजवर गोल घेर मागितलेला नाही. वशिंडामागून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, पाठीवरून दोन्ही कुशींना उतरेल एवढी रुंदी. टेप 60 इंचांवर संपतो म्हणून सुतळीनं मोजून आणायचं. जाड कापडाला 18 नंबरची सुई, लांब टाका, चार कोपऱ्यांत गोट 45 अंशात दुमडून दाबायचा, बस. घुंगरू मशीननं लावायचे नाहीत, दुहेरी दोऱ्यानं हातानं. बैल मापाला उभा राहतो, मॅचिंग विचारत नाही, पुढच्या वर्षी त्याच मापाचा असतो. धनी मात्र म्हणतो, "काकू, चमकली पाह्यजे बरं, तोरणात आपली जोडी दुरून दिसली पाह्यजे." चमकवते. सरळ रेषेत काय वाटेल ते करते मी.

आणि मग पोळ्याच्या संध्याकाळी, मशीनवर आच्छादन टाकल्यावर, दारात एक पोट्टं उभं असतं. बगलेत चाकाचा लाकडी नंदी, उद्याच्या तान्ह्या पोळ्याचा. त्या दिवशी पोरं असे नंदी ओढत घरोघरी खाऊ मागत फिरतात. "काकू, माह्या नंदीले झूल पाह्यजे. तुमच्याकडं चिंधी असनच न. नुसती लेस तं लावाची आहे."

चिंधी असते. लेसही असते, बरोबर चार बोटं कमी. वीतभर झुलीला चारी बाजूंनी लेस पुरत नाही, म्हणून मागची बाजू तशीच सोडायची. नंदीला मागून कुणी बघत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं, झूल चाकांच्या दोन बोटं वर संपली पाहिजे. नाहीतर लेस चाकात जाते, दोरी ओढली तरी नंदी हलत नाही, आणि खाऊ मागायची सगळी रांग आमच्याच दारात अडून बसते.