मागचा शॉक बदला म्हणे!

फुल सस्पेन्शन (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांचे धक्के झेलणारी) सायकल घरी आली की महिन्याभरात कुणीतरी हा सल्ला देतोच: "कंपनीने लावलेला मागचा शॉक म्हणजे निव्वळ काटकसर. पहिला खर्च त्याच्यावर कर. एअर काढ, कॉइल टाक. आय-टू-आय माप जुळलं की कुठलाही शॉक बसतो. जमलं तर स्ट्रोक पाच मिमी जास्त घे, ट्रॅव्हल फुकटात वाढेल. चढावर सायकल डुलते तेही थांबेल. आणि उद्या सायकल विकलीस तरी शॉक तुझाच, पुढच्या सायकलला लाव." रविवारी सकाळी पुण्यात वेताळ टेकडीवर थोडं रेंगाळलात तर यातलं निम्मं तरी कानावर पडेल. (एअर म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा शॉक, कॉइल म्हणजे धातूच्या स्प्रिंगवर चालणारा. आय-टू-आय म्हणजे शॉकच्या दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर, स्ट्रोक म्हणजे शॉक जास्तीत जास्त जेवढा दबतो ते, आणि ट्रॅव्हल म्हणजे त्यामुळे चाक जेवढं वर येतं ते.)

सगळंच खोटं नाही. पण जे खरं आहे ते काही अटींवर खरं आहे, आणि सल्ला तोंडातोंडी फिरता फिरता त्या अटी गळून गेल्या आहेत. नव्या शॉकला चाळीस-पन्नास हजार सहज जातात, म्हणून एकेक विधान सुटं काढून बघू.

"कंपनीचा शॉक म्हणजे काटकसर." पंधरा-वीस हजारांच्या "डबल शॉकर" सायकलींबद्दल हे बरोबर आहे. त्यांच्या मागे असते ती नुसती स्प्रिंग, वर "७५० एलबी" असं काहीतरी छापलेली. आत डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलाने आवरणं, नावालाच. पण त्या फ्रेमचे पिव्होटही (मागचा भाग वरखाली होतो ते सांधे) तशाच दर्जाचे असतात. तिथे चांगला शॉक लावणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण शॉक सुधारला तरी मागचा त्रिकोण आडवा हलतच राहतो.

खऱ्या ट्रेल (डोंगरवाटांवर चालवायच्या) सायकलींची गोष्ट वेगळी. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १५० मिमी आणि शॉकचा स्ट्रोक ६० मिमी असेल तर सरासरी लीव्हरेज रेशो झाला २.५. म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक अडीच मिमी वर येतं, आणि चाकावरचा भार शॉकवर अडीच पट होऊन पोचतो. ट्रॅव्हलभर हा आकडा बदलतो, प्रत्येक फ्रेमचा आलेख निराळा. फ्रेम बनवणारा तो आलेख पाहून शॉकच्या आतली कम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंडची (परत वर येणं) ट्यून ठरवून घेतो. तुम्ही दुकानातून सुटा आणलेला त्याच मॉडेलचा, चार नॉब जास्त असलेला शॉक बहुधा सरासरी ट्यून घेऊन येतो. नॉब वाढले म्हणून तो तुमच्या फ्रेमला जास्त मानवेलच असं नाही.

मग जुना शॉक वाईट का वाटतो? बहुतेक वेळा दोनच कारणं: सॅग कधी मोजलेला नसतो, किंवा सर्व्हिस कधी झालेली नसते.

सॅग म्हणजे पाण्याच्या पिशवीसकट, हेल्मेटसकट सायकलवर बसल्यावर शॉक जेवढा दबतो तेवढं अंतर. ट्रेल सायकलला ते स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के धरतात. ६० मिमीच्या स्ट्रोकला १५ ते १८ मिमी. शाफ्टवरची रबरी रिंग सीलला टेकेपर्यंत सरकवा, हळूच बसा, हळूच उतरा, पट्टीने मोजा. एअर शॉकमध्ये आणखी एक भानगड असते. हवा भरल्यावर शॉक चार-सहा वेळा सावकाश दाबला नाही तर आतल्या निगेटिव्ह चेंबरचा दाब सारखा होत नाही आणि पंपावरचा आकडा फसवतो. पंप लावून १८० पीएसआय भरले, तडक टेकडीवर गेले आणि "शॉक फार कडक आहे" म्हणून परत आले, अशी मंडळी थोडी नाहीत.

आता सर्व्हिस. शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी फॉक्स आपल्या शॉकसाठी १२५ तास किंवा वर्षातून एकदा सांगते. रॉकशॉक्स एअर कॅनची (हवा भरायच्या नळकांड्याची) सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते. आठवड्याला चार तास चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. आपल्याकडे त्यात मे महिन्याची मुरुमाची धूळ आणि जूननंतरचा लाल चिखल. सीलच्या ओठावर चिखल वाळतो, पुढच्या राइडला तोच शाफ्ट घासत राहतो. शॉक दाबताना पचपच आवाज आला तर डॅम्परच्या तेलात हवा मिसळली असण्याची शक्यता जास्त. शॉक दबलेलाच राहतो, वर येत नाही, तर हवा निगेटिव्ह चेंबरमध्ये शिरून अडकलेली असते. सीट धरून सायकल उचलताना मागे टक् असं वाजतं तेव्हा दोष शॉकचा नसून त्याच्या टोकाच्या भोकातल्या बुशिंगचा किंवा पिव्होटच्या बेअरिंगचा असू शकतो. शॉक काढा आणि मागचा त्रिकोण हाताने वरखाली करून बघा. खरखरला, अडखळला तर आधी बेअरिंग बदला. बुशिंग आणि सील किटचा खर्च नव्या शॉकपुढे किरकोळ आहे. डॅम्परचं काम मात्र नायट्रोजन भरण्याची सोय असलेल्यालाच द्यावं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचं ते काम नव्हे, तो कितीही हुशार असला तरी.

हे सगळं करूनही शॉक कमी पडतो अशा दोन जागा मला मान्य आहेत. पहिली म्हणजे स्वाराचं वजन. पन्नास-पंचावन्न किलोचा स्वार हवा कमी ठेवतो. दाब कमी म्हणजे परत उसळायची ताकदही कमी. मग रिबाउंडचा नॉब पूर्ण उघडूनही शॉक आळशासारखा वर येतो आणि एकामागून एक दगड आले की खाली खाली बसत जातो. ट्यून सरासरी वजनाला धरून असते, त्यामुळे हलक्या आणि खूप जड, दोघांचीही पंचाईत. तरी पहिला उपाय आतल्या शिम्स (तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या पातळ चकत्या) बदलून घेणं, नवा शॉक त्यानंतरचा. दुसरी जागा लांब उतार. डॅम्पर धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलतो, तेल तापलं की पातळ होतं आणि रिबाउंड सैल पडतो. हिमाचलमध्ये अर्धा-पाऊण तास सलग उतरणाऱ्याला जास्त तेल मावणारा, बाजूला टाकी असलेला शॉक खरोखर कामाला येतो. टेकडीवरच्या चार मिनिटांच्या उतारासाठी टाकी ही हौस आहे. हौस करायला हरकत नाही, फक्त तिला गरज म्हणू नये.

"एअर काढ, कॉइल टाक." कॉइलचे गुण खरे आहेत. हवा कोंडणारी सील नसल्याने घर्षण कमी, बारीक खडीवर मागचं चाक जमीन सोडत नाही, आणि तापल्यावर स्प्रिंगचा कडकपणा हवेसारखा वाढत नाही. ज्याने चांगली कॉइल चालवली आहे तो तिच्या प्रेमात का पडतो ते मला समजतं.

पण साधी कॉइल सरळ रेषेत कडक होते. हवा शेवटाकडे झपाट्याने कडक होते, आणि टोकन (हवेची जागा कमी करणारे तुकडे) घालून ती चढण आणखी वाढवता येते. कॉइलमध्ये ही सोय नाही, म्हणून शेवटचा आधार फ्रेमने द्यावा लागतो. फ्रेमचा लीव्हरेज रेशो सुरुवातीला ३.० आणि शेवटी २.४ असेल तर ती २० टक्के प्रोग्रेसिव्ह, म्हणजे शेवटाकडे कडक होत जाणारी. साधारण इतकी किंवा याहून जास्त प्रोग्रेसिव्ह फ्रेम असेल तर कॉइल बिनधास्त लावावी. आठ-दहा टक्क्यांच्या फ्रेमला लावलीत तर प्रत्येक उडीला तळ गाठाल, आणि तळ टाळायला कडक स्प्रिंग घ्याल तेव्हा ज्या मऊपणासाठी कॉइल घेतली तोच जाईल. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग मिळतात, काही शॉकमध्ये तळाजवळ हायड्रॉलिक अडसरही असतो. त्याने फरक पडतो, पण मुळात सपाट असलेली फ्रेम बदलत नाही.

स्प्रिंगचा आकडाही कुणी सांगत नाही, म्हणून गणित करूनच दाखवतो. सामानासकट ७० किलोचा स्वार, मागे साधारण ६५ टक्के भार, म्हणजे सुमारे ४५ किलो. रेशो २.५, म्हणजे शॉकवर ११४ किलो किंवा २५० पौंडांच्या आसपास. ६० मिमीच्या ३० टक्के म्हणजे १८ मिमी, इंचात ०.७१. भागाकार येतो ३५० पौंड प्रति इंच. त्याच स्वाराने ३०० ची स्प्रिंग घेतली तर सॅग ३५ टक्क्यांवर जातो, ४०० ची घेतली तर २७ वर येतो. हे ढोबळ आहे, कारण रेशो ट्रॅव्हलभर सारखा नसतो. पण स्प्रिंगा बहुधा ५० च्या टप्प्याने मिळतात, तेव्हा पहिली चुकली की दुसरी मागवणं आलं, तीही बाहेरून, कस्टम ड्यूटी भरून. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) चकती पिळून सॅग जुळवायला जाऊ नका. एक-दोन वेढ्यांपुढे स्प्रिंग चुकीची आहे असं समजा. एअरवाला तेवढ्या वेळात पंप लावून मोकळा होतो. वजनाचं म्हणाल तर अर्धा किलोच्या आगेमागे भर पडते.

आणखी एक धोका. काही फ्रेममध्ये शॉक थेट लिंकला (फ्रेमच्या हलत्या दुव्याला) न जोडता मधल्या लांब योकला (जोडपट्टीला) जोडलेला असतो. तिथे शॉकवर आडवा जोर येतो. एअर शॉकचा जाड कॅन तो पेलतो, कॉइलचा बारीक शाफ्ट वाकतो, क्वचित तुटतोही. अशा फ्रेमवर कॉइल चालते का, हे फ्रेमच्या कंपनीने लिहून दिलेलं असेल तरच पुढे जा.

"आय-टू-आय जुळलं की झालं." नाही झालं. स्ट्रोक जुळायला हवा, बोल्टचा व्यास आणि बुशिंगची रुंदी जुळायला हवी, टाकी फ्रेमला किंवा बाटलीला घासत नाही हे बघायला हवं. २०१६ च्या सुमारास मेट्रिक मापं आली, त्याआधीच्या फ्रेमला २००×५७ किंवा २१६×६३ (लांबी × स्ट्रोक, मिमीत) अशी जुनी मापं लागतात. ट्रनियन माउंटमध्ये वरचे बोल्ट थेट शॉकच्या अंगात बसतात, म्हणून त्याच स्ट्रोकला लांबी २५ मिमी कमी: २३०×६५ चा जोडीदार २०५×६५. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. "थोडा लांब चालेल" म्हणणाऱ्यांसाठी: शॉक ५ मिमी लांब घेतला तर मागची बाजू साडेबारा मिमी उचलली जाते, हेड अँगल (हँडलच्या नळीचा कोन) अर्ध्या अंशाहून जास्त उभा होतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) आठ मिमी वर येतो. उतारासाठी घेतलेल्या सायकलचा स्वभाव बिघडवायला एवढं पुरेसं आहे.

"स्ट्रोक वाढव, ट्रॅव्हल फुकट." हे कधीकधी खरं असतं. २३०×६० आणि २३०×६५ या शॉकमध्ये अनेकदा आतल्या स्पेसरचाच फरक असतो, आणि काही कंपन्या एकच फ्रेम दोन ट्रॅव्हलमध्ये विकतात. पण वाढलेले बारा मिमी येतात अगदी तळाशी. तिथे टायर सीट ट्यूबला किंवा लिंक फ्रेमला आदळू शकते, आणि ते कळतं उडीवरून उतरताना. म्हणून शॉकमधली सगळी हवा सोडा (कॉइल असेल तर स्प्रिंग काढा), मागचं चाक पूर्ण दाबा आणि फट डोळ्याने बघा. फट असली तरी वॉरंटीचा प्रश्न उरतोच. कंपनीने मान्य न केलेला स्ट्रोक लावून फ्रेमला तडा गेला तर ती हात वर करणार.

"डुलणं थांबेल." पेडल मारताना सायकल किती डुलते हे मुख्यतः पिव्होट कुठे आहेत आणि साखळीची ओढ कुठल्या रेषेत आहे यावर ठरतं. त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात, आणि शॉक बदलून तो तसूभर बदलत नाही. लो-स्पीड कम्प्रेशन (शॉक सावकाश दबतानाचा विरोध) वाढवलं की डुलणं दबतं, पण चढावरच्या मुळांवर पकडही कमी होते. चढासाठीचा लिव्हर तुमच्या जुन्या शॉकला बहुतेक आहेच. तो वापरा.

"पुढच्या सायकलला लाव." पुढची फ्रेम १८५×५५ ट्रनियन मागत असेल तर तुमचा २१०×५५ पेटीत पडून राहणार. माप जुळलंच, तरी वरच्या गणितातल्या ७० किलोच्या स्वाराच्या फ्रेमचा रेशो २.५ ऐवजी २.८ झाला की ३५० ची स्प्रिंग अपुरी पडून ४०० ची लागते, आतली ट्यूनही नव्या आलेखाला जुळेल असं नाही, आणि बुशिंगचे स्पेसर तर नवेच घ्यावे लागतात. असे पडून राहिलेले शॉकच सेकंडहँड बाजारात येतात. घ्यायचाच असेल तर शाफ्टवरून नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं तर तो शॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण तिथून नवं सीलसुद्धा तेल गळू देणार.