किडनी दिली म्हणजे माणूस अधू होत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: किडनी दिली की माणूस जन्माचा अधू होतो, अवयवांसाठी डॉक्टर जिवंत पेशंटला ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, ठरवतात आणि अवयव पैसेवाल्यांनाच मिळतात. माझ्या आईने दादाला किडनी दिली आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आई आजही कोथरूडच्या घरी भाजीच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला चढते. दुर्बिणीने ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे वजन उचलायला बंदी होती. खोकला आला की ती उशी पोटाशी घट्ट धरायची. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम अंगावर घेते. धोका अजिबात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी), लघवीची तपासणी करावीच लागते आणि मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊन चालत नाही. म्हणूनच तर आधी इतक्या तपासण्या होतात, आणि किडनीत किंवा साखरेत खोट निघाली तर डॉक्टर दात्याला परत पाठवतात.

ब्रेनडेडचा आरोप सर्वांत घातक, कारण तो आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांच्या मनात संशय पेरतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात चालत नाहीत. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का, हेही बघतात. कोमातला पेशंट शुद्धीवर येऊ शकतो, ब्रेनडेड झालेला येत नाही. त्याची छाती हलते ती मशीनमुळे. आणि डोनर कार्ड भरलेलं असलं, तरी घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय पुढे काही होत नाही.

राहिला पैसा. पुणे विभागात ब्रेनडेड दात्याची किडनी झेडटीसीसी या अवयववाटप बघणाऱ्या विभागीय संस्थेच्या प्रतीक्षायादीतून दिली जाते. रक्तगट बघतात, डायलिसिस किती काळ चालू आहे ते बघतात. खर्चाची तक्रार मात्र खरी आहे. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून दादाला जन्मभर ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या महाग आहेत. ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते. त्यासाठी योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटा, आणि तेही ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी.