.२२ ला कसलाही स्कोप चालतो म्हणे!

नेमबाजीच्या रेंजवरच्या गप्पांत एक सल्ला इतक्या वेळा ऐकू येतो की आता तो नियम असल्यासारखाच सांगितला जातो. सल्ला साधारण असा: रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसाच्या रायफलीसाठी, वेगळा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) ही विकणाऱ्यांनी काढलेली टूम आहे. पॅरलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधला क्रॉस लक्ष्यावरून सरकणं) ही लांब पल्ल्याची भानगड, ५० मीटरवर तिचा संबंध नाही. ट्यूब जाड आणि पुढचं भिंग मोठं घ्या, म्हणजे उजेड जास्त येतो. झूम जितका जास्त तितका ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, लहान. आणि .२२ ला धक्काच नसतो, त्यामुळे स्कोप स्वस्तातला असला तरी बिघडत नाही. थोडक्यात, मोठ्या रायफलवरून उतरवलेला स्कोप .२२ वर चढवा आणि मोकळे व्हा.

यातली बरीच विधानं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती टिकून आहेत. पॅरलॅक्सचं विधान मात्र चक्क उलटं आहे, तेव्हा सुरुवात तिथून.

पुढच्या भिंगातून येणारी लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल (नेमाचा क्रॉस), दोन्ही स्कोपच्या आत एकाच प्रतलात असतील तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी क्रॉस लक्ष्यावरून हलत नाही. प्रतलं वेगळी पडली की डोळ्याबरोबर क्रॉसही सरकतो. आपण तो सरकलेला क्रॉस मुकाट्यानं पुन्हा मध्यावर आणतो, म्हणजे बंदुकीची नळीच सरकवतो, आणि घोडा ओढतो. ज्या स्कोपवर पॅरलॅक्स जुळवायची चकती नसते त्यात ही दोन प्रतलं कारखान्यातच एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेली असतात. सेंटरफायरच्या, म्हणजे मोठ्या रायफलींच्या, स्कोपमध्ये ते अंतर सहसा १०० यार्ड किंवा त्याहून जास्त असतं, रिमफायरच्या स्कोपमध्ये ५० यार्डांच्या आसपास. दोन स्कोपांमधला फरक ‘टूम’ म्हणून उडवून लावणाऱ्यांना नेमका हाच फरक दिसत नाही.

जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते हे काढायला कागद-पेन पुरतं. लक्ष्याचं अंतर आणि जुळवलेलं अंतर यांतला फरक घ्या, त्याला जुळवलेल्या अंतरानं भागा आणि पुढच्या भिंगाच्या त्रिज्येनं गुणा. भिंग ४० मिलिमीटरचं, जुळवणी १०० मीटरला, लक्ष्य ५० मीटरवर: चूक १० मिलिमीटर. लक्ष्य २५ मीटरवर आणलं तर १५ मिलिमीटर. लक्ष्य जवळ आलं आणि चूक वाढली! तोच स्कोप २०० मीटरवर नेला तर चूक २० मिलिमीटर, पण तेवढ्या अंतरावर तो कोन फक्त ०.१ मिल होतो (एक मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाएवढा कोन). २५ मीटरवरचे १५ मिलिमीटर म्हणजे ०.६ मिल, कोनात सहापट. पॅरलॅक्स ‘लांब पल्ल्याची भानगड’ आहे म्हणणाऱ्यानं हे एकदा स्वतः मांडून पाहावं.

आता हे १० मिलिमीटर किती मोठे? आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफलच्या कागदावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. (त्या स्पर्धांत स्कोपला परवानगीच नाही, तिथे डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, लागते. पण मोजपट्टी म्हणून तो कागद उत्तम.) म्हणजे हात स्थिर, ट्रिगर स्वच्छ, वारा शून्य, तरीही केवळ गाल चुकीच्या जागी टेकला म्हणून गोळी एका वर्तुळापेक्षा जास्त बाहेर जाऊ शकते. हा कमाल आकडा आहे, डोळा अगदी काठावर असताना आणि चित्र अर्धं काळवंडलेलं असताना येणारा. रोजच्या सरावात चूक याहून लहान असते. पण तिचा तिसरा हिस्साही शिल्लक राहिला तरी ग्रुप फुगतो, आणि नेमबाज काडतुसांना शिव्या घालत बसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. आधी मागच्या भिंगाचा फोकस जुळवा: कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे, सूर्य टाळून, क्षणभर बघा, रेटिकल लगेच काळंभोर आणि रेखीव दिसलं पाहिजे. हे बहुतेक जण वगळतात आणि मग पॅरलॅक्सची चकती फिरवून रेटिकलचा धूसरपणा घालवायला बघतात. मग रायफल रिकामी करून वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, क्रॉस लक्ष्यावर ठेवा, बंदुकीला हात न लावता डोकं किंचित वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. क्रॉस पोहत असेल तर पॅरलॅक्स आहे. तो थांबेपर्यंत चकती फिरवा. चकतीवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, ते अंदाजे असतात. ५० च्या आकड्यावर ५० मीटर जुळतंच असं नाही. हवं तर स्वतः खूण करून ठेवा.

म्हणूनच खरेदी करताना माझा पहिला प्रश्न झूमचा नसतो. पॅरलॅक्स जुळवता येतो का, आणि सर्वांत जवळचं अंतर किती, हा असतो. मोठ्या रायफलचे कित्येक उत्तम आणि महागडे स्कोप ५० यार्डांच्या आत येतच नाहीत. २५ मीटरच्या कागदावर त्यांचं चित्र दुधात बुडाल्यासारखं दिसतं. उलट १० मीटरपर्यंत खाली उतरणारा सेंटरफायरचा स्कोप हाताशी असेल तर तो खुशाल लावा. तिथे सल्ला बरोबर ठरतो, फक्त सल्ला देणाऱ्यानं दिलेल्या कारणासाठी नाही.

आणि चकती नसलेला जुना स्कोपच वापरायचा असेल तर? पुढच्या भिंगाचं कडं सैल करून ते फिरवायचा जुना खटाटोप आहे, पण त्यानं आतला कोरडा वायू निसटण्याची आणि पुढे धुकं धरण्याची शक्यता असते. त्यापेक्षा पुढच्या भिंगावर मधोमध २० मिलिमीटरचं भोक असलेलं झाकण लावावं. भिंगाचा वापरातला व्यास अर्धा झाला की कमाल चूकही अर्धी. भरदिवसा, बेताच्या झूमवर, उजेडाची कमतरता फारशी जाणवत नाही.

उजेडाचं विधान दोन वाक्यांत निकाली निघतं. डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, यात ट्यूबच्या जाडीचा पत्ताच नाही. ४० मिलिमीटरचं भिंग १० पटींवर ४ मिलिमीटरची शलाका देतं, आणि भर उजेडात माणसाची बाहुली तेवढीही उघडत नाही. ३० मिलिमीटरच्या ट्यूबचा खरा फायदा वेगळा आहे, आत रेटिकल वर-खाली करायला जास्त जागा मिळते. मोठ्या भिंगाचा तोटा मात्र कुणी सांगत नाही. ५० किंवा ५६ मिलिमीटरचं भिंग नळीला टेकू नये म्हणून उंच रिंगा लागतात. स्कोप वर गेला की बहुतेक .२२ रायफलींच्या सखल दस्त्यावर गाल नीट टेकत नाही, नेमबाज मान उंचावून हनुवटी टेकतो, आणि डोळा दर वेळी नव्या जागी येतो. म्हणजे पुन्हा पॅरलॅक्स. त्यातून मोठ्या भिंगाची त्रिज्याही मोठी. उजेडाच्या नावाखाली घेतलेली वस्तू नेम दोन बाजूंनी बिघडवते.

झूमचं काय? बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणारे, ३६ पट किंवा त्याहून जास्त झूम वापरतात हे खरं आहे, आणि त्यांचं बरोबरच आहे. रायफल टेकूवर, लक्ष्य एका जागी, अंतर ठरलेलं, वेळ पुरेसा. तिथे वर्तुळाच्या कडेवर नेमका कुठे ठिपका ठेवायचा हे दिसणं मोलाचं असतं. पण तीच रायफल पट्ट्याच्या आधारानं, पालथं पडून चालवणाऱ्यासाठी ३० पट झूम म्हणजे स्वतःच्या नाडीचे ठोके कागदावर बघणं. क्रॉस थरथरताना दिसला की ‘आता मध्यावर आलाय, ओढ’ असं होतं आणि ट्रिगर हिसकला जातो. थरथर झूममुळे वाढत नाही, ती आधीही तेवढीच होती. पण ती बघून हात वेगळा वागतो. शिवाय जमिनीवरची तापलेली हवा जास्त झूममध्ये उकळताना दिसते आणि दृश्यक्षेत्र इतकं आक्रसतं की शेजारच्याच्या कागदावर गोळी जाणं ही काही दंतकथा राहत नाही.

‘छिद्र दिसायला झूम हवा’ हाही युक्तिवाद होतो. .२२ चं छिद्र साधारण साडेपाच मिलिमीटरचं. ५० मीटरवर तो कोन सुमारे २३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होतो, आणि चांगल्या डोळ्याची मर्यादा साधारण ६० विकला धरतात. १२ पटींवर ते छिद्र पावणेतीनशे विकलांचं होतं, म्हणजे पांढऱ्या कागदावर आरामात दिसतं. काळ्या भागावर कष्ट पडतात, पण त्यासाठी शेजारी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे छिद्रं बघायची वेगळी दुर्बीण, ठेवणं बरं. टेकूशिवाय कागदावर मारणाऱ्यानं १० ते १६ पटींच्या दरम्यान राहावं असं माझं मत. बेंचवाल्यांनी याकडे दुर्लक्ष करावं.

आता धक्क्याचा मुद्दा. .२२ च्या धक्क्यानं स्कोप मोडत नाही हे मान्य. पण स्कोपचं काम न मोडणं एवढंच नाही. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी, मॅचच्या काडतुसातून, साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदानं सुटते. आवाजाच्या वेगापेक्षा कमी, आणि तेही मुद्दाम, कारण तो वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. इतकी संथ गोळी पडते फार. ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेली, रायफल १०० मीटरवर वीसेक सेंटिमीटर खाली मारते, आणि २०० मीटरवर दीड मीटरहून जास्त. म्हणजे वेगवेगळ्या अंतरांच्या स्पर्धेत .२२ वाला टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची फिरकी) जेवढा फिरवतो तेवढा मोठ्या रायफलवाल्याला त्याच अंतरांवर फिरवावाच लागत नाही. टरेटनं सांगितलं तेवढंच हलणं आणि परत झिरोवर येणं, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं, आणि स्वस्त स्कोप नेमके इथेच दगा देतात. २०० मीटरपर्यंत जायचं असेल तर स्कोपखाली पुढे उतार असलेली, २० एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) पट्टीही लावावी, नाहीतर टरेटची वरची जागा मध्येच संपायची.

पारखायचं असं: ५० मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्यानं सरळ उभी रेघ काढा. तळाशी नेम धरून तीन गोळ्या मारा, टरेट २० एमओए वर फिरवा, नेम तोच ठेवून पुन्हा तीन. दोन ग्रुपांत २९ सेंटिमीटर अंतर हवं, आणि दोन्ही रेघेवर. मग टरेट परत आणून पुन्हा तीन मारा, ते पहिल्यांत मिसळले पाहिजेत. टरेटच्या क्लिकचा, म्हणजे एका टप्प्याचा, आकारही बघून घ्या. पाव एमओएची क्लिक ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर हलवते, ०.१ मिलची ५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास गोळीच्या जाडीएवढी. बेंचवाले एक अष्टमांश एमओए मागतात ते उगाच नाही.

एक मात्र सांगून टाकतो, स्कोपच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर. काडतुसाचा वेग १० मीटर प्रति सेकंदानं कमी भरला तर ५० मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर खाली जाते. ही चूक कुठलंच भिंग भरून काढत नाही. पॅरलॅक्स जुळवता येणारा, टरेट इमानदार असलेला मध्यम स्कोप मिळाला की उरलेला पैसा काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासण्यात घालवावा.

उलट बाजूच्या भाबडेपणालाही बळी पडू नये. डब्यावर ‘रिमफायर’ छापलंय म्हणून स्कोप लक्ष्यभेदाचा होत नाही. त्यातले पुष्कळसे ३-९ पटींचे, ३२ मिलिमीटरचे, डबे उडवायला बनवलेले असतात. ५० यार्डांवर बरे, टरेट मात्र कामचलाऊ. काहींच्या रेटिकलवर अंतरांच्या रेषा आखलेल्या असतात, आणि त्या सहसा ३८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपासच्या वेगवान काडतुसासाठी असतात. मॅचच्या संथ गोळीला त्या लागू पडत नाहीत. त्या रेषांकडे काणाडोळा करा, ५० ला झिरो करा, आणि ७५, १०० ला तुमची गोळी तुमच्या रेटिकलवर कुठे पडते ते मारून वहीत लिहून ठेवा.