रेहान म्हणजे राजा? छे, सब्जा!

तुमच्या लेखात रेहान या नावाचा अर्थ देताना ‘रेहान म्हणजे राजा’ असं ठोकून दिलंय, ते चूक आहे. अरबीत रैहान म्हणजे सुवासिक वनस्पती, त्यातही सब्जा. हो, आपल्या फालुद्यातलाच! कुराणात सूरह रहमान या अध्यायात हा शब्द येतो. मध्ययुगातला विद्वान अल्‌ बिरुनी, त्याचं पाळण्यातलं नाव मुहम्मद, पण लोक ओळखतात अबू रैहान म्हणून.

जुन्या नाशकात आमच्या शेजारच्या चाचींनी नातवाचं नाव रेहान ठेवलं, तेव्हा मीही अर्थ विचारला होता. त्यांनी गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेल्या सब्जाचं एक पान खुडलं, चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. तुळशीच्याच घराण्यातला वास, जरा गोडसर. आता लेकीच्या वर्गात तीन रेहान आहेत, त्यातला एक कुलकर्ण्यांचा. आणि तुर्कस्तानात रेहान हे मुलीचं नाव असतं, तेही राहिलंच की तुमचं.