जानेवारीत अमेरिकेला निघालेले टेनिसपटू आणि मधले सात महिने

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, अमेरिकेतलं कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं. एवढ्यात आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद), व्हिसाची तारीख आणि एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) पात्रता, तिन्ही जुळत नाहीत. मग तिथल्या कॉलेजचा कोच सांगतो, "जानेवारीत ये." घरच्यांना हायसं वाटतं. जानेवारीचा प्रवेश वाईट नाहीच. तो बिघडतो तो इथे, जून ते डिसेंबरमध्ये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "वर्ष वाया नको, तोवर एफवाय बीकॉमला नाव घालून ठेवू." एनसीएएच्या लेखी पूर्णवेळ कॉलेज कुठल्याही देशातलं असो, ते कॉलेजच. मूल वर्गात बसायला लागलं की डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, खेळण्याची मुदत तिथूनच मोजली जाऊ शकते. वर जानेवारीत ते नवा विद्यार्थी म्हणून नाही, तर ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला, म्हणून तपासलं जातं. हे कळतं कधी, तर नोव्हेंबरात, फॉर्मवर 'याआधी कुठे शिकलात' हा रकाना भरताना. तो रकाना लपवायचा नसतो. म्हणून मुळात प्रवेशच घेऊ नका.

दुसरी गोष्ट स्पर्धांची. बारावीनंतर किती काळ स्पर्धा खेळत राहता येतं, याबाबत टेनिस इतर खेळांपेक्षा कडक राहिलं आहे: सहा महिने, आणि त्यानंतर येणारी पहिली टर्म. मे महिन्यात बारावी झाली तर ती टर्म म्हणजे जानेवारीच. ती सोडून पुढच्या ऑगस्टवर ढकललं आणि मधे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा खेळल्या, तर एक अख्खा सीझन हातचा जाऊ शकतो. हे नियम बदलत असतात. कोच मनापासून सांगत असेल, पण पात्रता तो ठरवत नाही. कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागाला, ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रत्येक स्पर्धेचं बक्षीस व खर्च यांच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.

आता जागेचा प्रश्न. खेळाडू आणि कॉलेज यांना एकमेकांशी बांधणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं, त्यामुळे हातात धरायचा कागद म्हणजे आर्थिक मदतीचा करार. 2025-26 पासून, खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना टेनिसच्या संघात 10च खेळाडू ठेवता येतात. वर्षाच्या मधे येणाऱ्यासाठी ती जागा खरंच रिकामी आहे का, हे स्पष्ट विचारा. करार फक्त स्प्रिंगचा (जानेवारीत सुरू होणारं सत्र) आहे की पुढच्या पूर्ण वर्षाचाही, हेही. अर्ध्या वर्षाचा करार होऊ शकतो, आणि पालक तो पूर्ण वर्षाचा समजून बसतात.

मुलगी किंवा मुलगा पोचतो तेव्हा सांघिक सामने तोंडावर आलेले असतात. तीन डबल्सचा मिळून एक गुण, मग सहा सिंगल्स. ड्यूसला, म्हणजे 40-40 झाल्यावर, पुढचा एकच पॉइंट गेम ठरवतो. उत्तरेकडच्या राज्यांत हे सगळं इनडोअर, जिथे चेंडू बऱ्याचदा खाली घसरत येतो. पुण्याच्या उन्हात उंच उसळणाऱ्या चेंडूवर मोठा स्विंग घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यात उशीर होतो, आणि डबल्सच्या जोड्या तर आधीच्या सत्रात जमलेल्या असतात. म्हणून माझं ठाम मत: पहिला स्प्रिंग फक्त सरावाचा मागा. एका सामन्यानेही सीझन मोजला जाऊ शकतो. अर्धवट तयारीत तो का खर्चायचा?

सरावालाही वैद्यकीय तपासणीशिवाय उतरता येत नाही. त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा रिपोर्ट मागतात. विदर्भ, नंदुरबारकडच्या लोकांना ही तपासणी ओळखीची आहे. साधी रक्ततपासणी आहे, इथेच करून इंग्रजी रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर पहिला आठवडा कोर्टाबाहेर जातो.

अभ्यासात दर सत्राला 12 क्रेडिट्सची रेघ ओलांडून खाली जाऊ नका. परवानगीशिवाय विषय सोडून 11 झाले, तर व्हिसाचा दर्जा आणि खेळण्याची पात्रता दोन्ही अडचणीत येतात. ऑनलाइन विषय त्या 12 मध्ये एकच, तीन क्रेडिट्सपर्यंत धरला जातो. इंजिनिअरिंग घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. कॅल्क्युलस, केमिस्ट्रीच्या साखळ्या साधारण ऑगस्टपासून आखलेल्या असतात आणि जानेवारीत पहिला भाग कधी मिळतच नाही. गणिताची प्लेसमेंट टेस्ट डिसेंबरातच देऊन टाका आणि सल्लागाराकडून चार वर्षांचा तक्ता मागा.

तिकीट काढण्याआधी होस्टेल कधी उघडतं ते बघा. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आय-ट्वेंटीवरच्या तारखेच्या 30 दिवस आधीपर्यंतच प्रवेश मिळतो, पण हिवाळी सुट्टीत खोल्या अनेकदा बंद असतात. आणि स्कॉलरशिपमधल्या राहण्या-जेवणाच्या भागावर एफ-वन विद्यार्थ्याचा साधारण 14 टक्के कर कापला जातो. ती रक्कम पहिल्याच टर्मच्या बिलात दिसते, तेव्हा तेवढे डॉलर वेगळे ठेवून निघा.