नायगारा सर्वांत उंच नाही आणि ऑगस्ट सगळीकडे सारखा नसतो

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, की कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. ‘जगातील अद्भुत धबधबे, आयुष्यात एकदा तरी पाहाच.’ त्यातले दावे असे: नायगारा जगात सर्वांत उंच, जोग आशियात सर्वांत उंच, आंबोलीच्या कावळेसादला गुरुत्वाकर्षण चालत नाही, पाणी उलटं वर जातं, मॉरिशसला समुद्राच्या पोटात धबधबा आहे, आणि हे सगळं बघायला जुलै-ऑगस्टच गाठावा. फोटो झकास आहेत, मजकूर मात्र बहुतेक चुकलेला. हसून सोडून दिलं असतं, पण अशा यादीवर विसंबून लोक टूरचे पैसे भरायला लागलेत.

नायगारापासून सुरुवात करू. कॅनडाच्या बाजूचा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला मुख्य धबधबा साधारण 57 मीटर उंच आहे. आपल्या शेजारचा गोकाकचा धबधबा 52 मीटर. म्हणजे घटप्रभा गोकाकला जिथून उडी घेते, त्याहून नायगारा फार तर दीड मजला वर. जगातला सर्वांत उंच धबधबा व्हेनेझुएलातला एंजल, 979 मीटर. तिथं गाडीरस्ता नाही. कनैमापर्यंत विमानानं जायचं, पुढं नदीतून होडी आणि मग जंगलातून चाल.

मग नायगाराचं एवढं कौतुक कशाचं? पाण्याचं. आणि पाण्याचा हिशोब कोल्हापूरकराला शिकवायला नको, पावसाळ्यात आपल्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा क्युसेकमध्येच (सेकंदाला किती घनफूट पाणी) बोलतात. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले की दहा हजारांच्या घरात, आणि नदीकाठची माणसं जनावरं हलवायची तयारी करायला लागतात. नायगारावरून पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान 1 लाख क्युसेक पाणी पडलं पाहिजे, असा अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1950 साली करार झाला. राधानगरीच्या सातही दरवाजांच्या दहापट, आणि तेही पूर नसताना! मोठेपणा आहे तो इथं.

करार करावा लागला, कारण वरचं बरंचसं पाणी बोगद्यांतून वीजनिर्मितीला वळवलेलं असतं. रात्री आणि हिवाळ्यात किमान मर्यादा निम्म्यावर येते, 50 हजार क्युसेक. 1969 मध्ये तर अमेरिकेच्या बाजूचा धबधबा बांध घालून काही महिने कोरडाच ठेवला होता, कड्याचा खडक तपासायला. फॉरवर्डमध्ये नायगाराला ‘मानवाचा हात न लागलेला निसर्ग’ म्हटलंय. असो.

जोगचं थोडक्यात. जोग 253 मीटर, मेघालयातला नोहकालिकाई 340 मीटर. आशिया लांबच राहिला, इथं भारतातच पहिला नंबर जातो. शिवाय जोगच्या वर शरावतीवर 1964 पासून लिंगनमक्की धरण आहे. फोटोतल्यासारखे राजा, राणी, रोरर आणि रॉकेट चारही दणदणीत बघायचे असतील तर भर पावसाळाच हवा. गणपती उरकून निवांत जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी तिथं पाणी किती आहे याची चौकशी करावी.

कावळेसादच्या दाव्याची मात्र गंमत वाटते, कारण तिथं जाऊन आलेली माणसंच तो पुढं ढकलतात. (आंबोली सिंधुदुर्गात आहे. फॉरवर्डनं ती कोल्हापूर जिल्ह्यात घेतली, त्यावर आपण कशाला तक्रार करा?) सह्याद्रीचा कडा कोकणाच्या अंगाला सरळ तुटलेला आहे. पावसाळी वारा समुद्राकडून येऊन त्या भिंतीवर आपटतो, आणि त्याला वर चढण्याशिवाय वाट नसते. चढताना तो पातळ धारेचे थेंब उचलून माथ्यावर फेकतो. रेलिंगला टेकून उभं राहिलं की पाणी खालून रेनकोटच्या बाह्यांत शिरतं, छत्री उलटी होते, चष्मा पुसून उपयोग नसतो. वारा पडला की तीच धार गपगुमान खाली जाते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातही हेच होतं. गुरुत्वाकर्षण शाबूत आहे, हे कुणीतरी खाऊन दरीत फेकलेल्या मक्याच्या कणसावरून कळतं. ते काही परत येत नाही.

मॉरिशसला ल मॉर्नजवळ पाण्याखाली धबधबा ‘दिसतो’, तो हेलिकॉप्टरमधून. प्रवाहाबरोबर वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडं सरकतो, त्या पट्ट्यांचा हा दृष्टिभ्रम. किनाऱ्यावर उभं राहून यातलं काही दिसत नाही. समुद्राखाली पाणी खरंच कोसळतं ते ग्रीनलँड आणि आइसलँडच्या मधे. थंड, जड पाणी उबदार पाण्याखाली सुमारे साडेतीन किलोमीटर खोल उतरत जातं. ते बघायची सोय कुठलाच टूरवाला करू शकत नाही.

राहिला जुलै-ऑगस्ट, आणि खिशाला सर्वांत जास्त चाट लावणारा दावा हाच आहे. आपला धबधबा पावसावर चालतो, राऊतवाडी काय नि आजऱ्याचं रामतीर्थ काय, म्हणून जगातले सगळे तसेच असतील असं आपण धरून चालतो. अमेरिकेतला योसेमिटी, 739 मीटर, वितळणाऱ्या बर्फावर चालतो. मे-जूनला तो भरात असतो आणि ऑगस्टमध्ये बऱ्याचदा आटलेला. आइसलँडचा गुलफॉस अवघा 32 मीटर, पण हिमनदीचं पाणी असल्यानं उन्हाळ्यात जोरात, म्हणजे तिथं ऑगस्ट चालतो. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या इग्वासूला बाराही महिने पाणी असतं.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरियाचं गणित निराळंच. रुंदी 1708 मीटर, उंची 108. झांबेझीला सर्वांत जास्त पाणी एप्रिलच्या आसपास, आणि तेव्हा तुषारांचा असा ढग उठतो की समोरचा धबधबाच दिसत नाही, नुसता आवाज ऐकायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा खडक. मधले जून ते ऑगस्ट बघायला चांगले, तेव्हा फॉरवर्डचा नेम इथं चुकून लागलाय. दिवाळीच्या सुट्टीतलं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर झांबियाच्या बाजूला नेणार की झिंबाब्वेच्या, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. त्या दिवसांत मुख्य धारेचं पाणी झिंबाब्वेच्या बाजूनंच बघायला मिळतं.